लाल बादलीवरची ईद

कतारमध्ये दुखानजवळच्या एका ठेकेदार कंपनीच्या कॅम्पात रमजान ईदच्या सकाळी कोकणी मुसलमान मंडळी लाल रंगाच्या उलट्या बादलीवर बसून शीरखुर्मा पितात. ही प्रथा अतिप्राचीन असून ती १९५५ साली सुरू झाली. तिच्या उगमाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ज्यांना उगम ठाऊक आहे त्यांच्यात मात्र मुळीच मतभेद नाहीत, कारण ते बोलत नाहीत.

न बोलणाऱ्यांत पहिला मान स्टोअरकीपर हमीद फणसोपकर यांचा. रत्नागिरीजवळच्या गावी त्यांची बायको ताहेरुन्निसा आणि एकुलती एक मुलगी मुनीरा राहत असत. मुनीराचे चांगल्या घरी लग्न लावून द्यायचे आणि मग आपल्या पडवीत आरामखुर्ची टाकून बसायचे, एवढ्याचसाठी हमीद या वाळवंटात आले होते. बाकी तेलाशी, वाळूशी किंवा प्राचीन परंपरांशी त्यांचे काही देणेघेणे नव्हते.

त्या वर्षी कंपनीच्या गोदामात हिरव्या तेलरंगाने भरलेली पिंपे येऊन पडली. कोणी मागवली ते कळले नाही. पण आलेला माल खपला नाही तर पुढच्या वर्षी मंजुरी कमी होते, हा सगळ्या कचेऱ्यांचा सनातन धर्म. तेव्हा काहीतरी रंगवणे भागच होते. पाण्याची टाकी रंगवून झाली, कुंपण झाले, साहेबाच्या बंगल्यासमोरचे दगड झाले. तरी रंग उरला. मग हमीदची नजर मेसमधल्या बाकांवर गेली. रोज्यांचे दिवस होते, दिवसा मेस बंद आणि संध्याकाळी मंडळी बाहेर चटया टाकून रोजा सोडत, त्यामुळे बाक मोकळेच होते.

रंग मूळचा जहाजासाठी बनवलेला. दुखानच्या दमट समुद्री हवेत तो वाळायला दोन दिवस घेई. हमीदने स्टोअरच्या दारामागचे कॅलेंडर पाहिले. रत्नागिरीच्या एका तांदूळवाल्याने छापलेल्या त्या कॅलेंडरानुसार ईदला अजून दोन दिवस होते. अरबस्तानात चंद्र बहुधा एक दिवस आधी दिसतो हे हमीदला माहीत नव्हते असे नाही. दरवर्षी तेच होत होते. पण माणूस पोटापाण्यासाठी परमुलखात येतो, चंद्र बदलायला येत नाही. चंद्राच्या बाबतीत हमीदचा भरवसा मुलखावर होता. त्यांनी बाक रंगवून टाकले.

त्याच संध्याकाळी चंद्र दिसला. दोहाहून गाडी निरोप घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी ईद ठरली.

सकाळी नमाज पढून, अत्तर लावून, पांढरेशुभ्र कपडे घालून मंडळी मेसमध्ये आली तेव्हा दारात हमीद दोन्ही हात पसरून उभे होते. बाकाला कोणी हात लावू नका, असे ते प्रत्येकाला विनवत होते. आता बसायचे कशावर? मेसच्या भिंतीला आगीच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या. त्यांत वाळू भरून ठेवलेली असे. दुखानमध्ये वाळू बादलीत भरून ठेवावी लागते, कारण बाहेर चहूकडे पडलेल्या वाळूवर कंपनीचा नंबर नसतो. या बादल्यांचे बूड मुद्दाम गोल केलेले असते, म्हणजे त्या जमिनीवर ठेवता येत नाहीत आणि अंघोळीसाठी कोणी पळवत नाही. उलट्या घातल्या तर मात्र त्या काठावर पक्क्या उभ्या राहतात. वर बसणारा पक्का राहील अशी हमी कोणी दिलेली नाही.

मंडळींनी वाळू ओतली, बादल्या उलट्या घातल्या आणि त्या घुमटांवर कसेबसे तोल सावरत शीरखुर्मा प्यायला. एवढ्यात पाइप टाकणाऱ्या टोळीतला अबूबकर सोलकर उशिराने आला आणि हमीद ओरडायच्या आत रिकामा बाक बघून ऐसपैस बसला. उठला तेव्हा त्याच्या पांढऱ्या लेंग्यावर मागे हिरवा पट्टा उमटला होता. सगळी मेस हसली. सर्वांत जास्त हमीद हसले, आणि तो पट्टा त्यांना पुढे चांगलाच महागात पडला.

ईदनंतरच्या आठवड्यात अबूबकरला बढती मिळून तो हजेरी मांडणारा टाइमकीपर झाला. त्याला चार अक्षरे लिहिता येत होती आणि उन्हात उभे राहायची सवय होती. या गुणांवर साहेबाने त्याला निवडले. पण गुणांवर बढती मिळते हे कॅम्पात कोणालाच पटेना, कारण पूर्वी तसे कधी घडलेले नव्हते. खरे कारण शोधता शोधता लोकांची नजर अबूबकरच्या लेंग्याकडे गेली.

पुढच्या वर्षी हमीदने बाक धुऊन, पुसून, कोरडे खणखणीत करून मांडून ठेवले. मंडळी आली आणि दारातच घुटमळली. गेल्या सालची ईद बादलीवर झाली, साल बरे गेले, तेव्हा यंदाही बादलीच बरी, असे कोणीतरी हसत हसत म्हणाले. तेवढे पुरले. पहिल्या वर्षी जी अडचण होती ती दुसऱ्या वर्षी गंमत झाली, तिसऱ्या वर्षी रीत झाली, आणि चौथ्या वर्षी जो कारण विचारील त्याचे घराणे कोणते याची चौकशी होऊ लागली.

कंपनीत नवे लेबर ऑफिसर साहेब आले ते याच सुमारास. ईद मुबारक करायला ते मेसमध्ये शिरले आणि भिंतीवरच्या रिकाम्या खुंट्या पाहून जागच्या जागी थबकले. आगीची बादली जागेवरून हलवणे हा कंपनीत मोठा गुन्हा होता. त्यांनी आपला टायपिस्ट रियाज मुकादम याला जाब विचारला. रियाज स्वतःच एका बादलीवर बसला होता. इंग्रजीत बोलताना त्याला खोटे बोलल्यासारखे वाटत नसे, कारण ती भाषा त्याची नव्हती.

“कस्टम, सर,” तो उठून म्हणाला. “व्हेरी ओल्ड रिलिजस कस्टम.”

साहेबाने ताबडतोब टोपी काढली. नेटिव लोकांच्या चालीरीतींचा मान राखावा, असे त्यांना विलायतेहून निघताना बजावले होते. ही चाल सुरू कशी झाली, एवढेच त्यांनी अदबीने विचारले. रियाजने क्षणभर छताकडे पाहिले आणि सांगायला सुरुवात केली. शेकडो वर्षांपूर्वी कोकणातला एक खलाशी जहाज फुटून समुद्रात पडला, एका बादलीला धरून तरंगत तरंगत या किनाऱ्याला लागला. ती ईदची सकाळ होती. थकून तो बादली उलटी घालून तिच्यावर बसला, आणि तंबूतल्या एका बाईने त्याला दूध-खजूर दिले. हे सांगताना रियाजने स्वतःचेच डोळे पुसले. साहेब तर रुमाल शोधू लागले.

आठवडाभरात परिपत्रक निघाले. ईदच्या दिवशी बादलीवर बसलेल्या कर्मचाऱ्यास कोणत्याही कारणाने उठवू नये. धार्मिक उपयोगासाठी वेगळ्या बादल्या मंजूर करण्यात येत असून त्यांचा ताबा स्टोअरकीपर यांच्याकडे राहील. खलाशाची बादली लाकडाची असणार, मग ही पत्र्याची लाल का, असे एकाने विचारले. त्याला काळाप्रमाणे बदलावे लागते असे सांगण्यात आले.

हमीदची कंबर तोवर धरली होती. घुमटावर बसून उठले की दोन दिवस त्यांना सरळ चालता येत नसे. त्यांनी साहेबाकडे अर्ज केला की, वेगळ्याच बादल्या घ्यायच्या तर निदान सपाट बुडाच्या घ्याव्यात. साहेबांनी तो नामंजूर केला. कंपनी लोकांच्या परंपरेत ढवळाढवळ करणार नाही, असा शेरा मारला. लोकांनीही नापसंती दाखवली. सपाट बादलीवर काय, कोणीही बसेल.

काही सरळ माणसांनी दुखान गावातल्या मशिदीच्या बुजुर्ग अरब इमामांना जाऊन विचारले. इमामसाहेब पोट धरून हसले. धर्मात असले काही नाही, भावांनो, बाकावर बसा, चटईवर बसा, आनंदाने खा आणि शेजाऱ्याला द्या, असे त्यांनी सांगितले. मंडळी परत आली आणि इमाम फार थोर माणूस आहे, पण त्यांना आपल्या कोकणातले काही ठाऊक नाही, असे सर्वानुमते ठरले.

हिरव्या पट्ट्याचेही शास्त्र तयार झाले. ईदच्या आदल्या दिवशी एक बाक खास रंगवून ओला ठेवण्यात येऊ लागला. ज्याला बढती हवी तो त्यावर बसे. फोरमन लोक पट्टा पाहून समजत की हा माणूस सांगितले तेथे बसतो, प्रश्न विचारत नाही. आणि त्याला बढती देत. पट्टेवाल्यांना बढती मिळते म्हणून पट्टा शुभ ठरला. कंपनीच्या अंदाजपत्रकात ‘रंग, हिरवा, धार्मिक’ अशी नवी बाब आली, आणि गोदामातली पिंपे एकदाची खपू लागली.

अबूबकर आता अबूबकरसेठ झाला होता आणि बादली कमिटीचा चेअरमनही. त्याचा मुलगा वली वेल्डर होऊन त्याच कॅम्पात आला. पोरगा होतकरू, निर्व्यसनी, दोन वेळा पट्टा घेतलेला. सोलकरांकडून मुनीरासाठी मागणी आली तेव्हा ताहेरुन्निसाने गावाहून कळवले की, असे स्थळ दिवा घेऊन शोधले तरी मिळणार नाही, तेव्हा तिकडे तोंड सांभाळून राहा. ती नवऱ्याला ओळखून होती. ईदनंतर निकाह ठरला.

तोंड सांभाळणे हमीदला जमले असते. कंबर सांभाळणे जमेना. ते सन १९६३. ईद थंडीच्या अखेरीला आली होती आणि गारठ्यात पत्र्याचा घुमट फारच बोचतो. त्यांनी अबूबकरला बाजूला घेतले आणि फक्त आपल्यापुरती बाकाची परवानगी मागितली. अबूबकरने नकारार्थी मान हलवताच त्यांचा संयम सुटला.

“अबूबकर, तू आणि मी तरी एकमेकाला बनवायला नको,” ते म्हणाले. “रंग ओला होता. मी मुलखाचा चंद्र धरला, ती माझी चूक. तू बसलास, तुझा लेंगा बिघडला. एवढाच मामला हाय.”

अबूबकरने आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिले. त्याला राग आला नव्हता, हे पाहून हमीदला उलट भीतीच वाटली.

“मना काय ठावक नाय?” तो म्हणाला. “तो लेंगा मी चार वेळा धुतला हमीदभाय, डाग गेला नाय. पण टोळीत मी कोण होतो? मना नावानं हाक पण कोण मारीत नव्हता. आता सगळे उठून उभे राहतात. हे सगळं जहाजाच्या रंगानं झालं असं मी कसं बोलू? तुमी पण बोलू नका. निकाह होऊ दे.”

हमीदला मित्राची कीव आली आणि स्वतःचीही आली. मुनीराचा चेहरा डोळ्यांसमोर आणून ते निमूट बादलीवर जाऊन बसले.

तोवर आणखी एक नियम झाला होता. सर्वांत वडील माणसाचा शीरखुर्मा संपेपर्यंत कोणी उठायचे नाही. वडील माणूस म्हणजे हमीद. शीरखुर्मा वाफाळत होता, हमीद फुंकर घालून घोट घेत होते, आणि स्वयंपाकघरात कढईतल्या तेलाने पेट घेतला.

प्रथम धूर आला. मग पडदा पेटला. आचारी बाहेर धावत आला आणि बादल्या कुठे आहेत म्हणून विचारू लागला. धार्मिक बादल्या लोकांच्या खाली होत्या. त्या वर्षी मंडळी वाढल्याने आगीच्या बादल्याही लोकांच्या खालीच होत्या. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग हमीदच्या वाडग्याकडे पाहिले.

“यल्ला, हमीदभाय,” रियाज हळूच म्हणाला. “जरा पटापट.”

हमीदने एक मोठा घोट घेतला. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आले. पडद्यावरून आग खिडकीच्या चौकटीवर गेली. हवी तर फुंकर मी घालतो, असे शेजारचा म्हणू लागला. पण वडिलांच्या वाडग्यात दुसऱ्याने फुंकर घालावी की नाही यावर कमिटीच्या दोन सभासदांत वाद लागला. आणि मग जे कॅम्पाच्या इतिहासात कधी घडले नव्हते ते घडले. हमीदने भरला वाडगा खाली ठेवला, उठले, आपली बादली उचलली, बाहेर जाऊन बिननंबरी वाळूने भरून आणली आणि कढईवर ओतली. आणखी चार-पाच फेऱ्यांत आग विझली. एक पडदा, एक चौकट आणि आचाऱ्याची एक भुवई यापलीकडे नुकसान झाले नाही.

रीतीप्रमाणे चौकशी बसली. साहेब अध्यक्ष, अबूबकर आणि रियाज सभासद. आगीसाठी वापरलेली वाळू कंपनीची नव्हती, हा पहिला ठपका. स्टोअरकीपर वाडगा संपण्याआधी उठला, हा दुसरा. आग आधी लागली आणि हमीद नंतर उठले, ही गोष्ट कमिटीने मान्य केली. परंतु ते उठणार आहेत याची कुणकुण आगीला आधीच लागली असावी, असे मत पडले. हमीदने सगळ्यांसमोर ओल्या बाकावर बसून पट्टा घ्यावा, नाहीतर निकाह राहिला, असे अबूबकरने खाली मान घालून सांगितले.

तेव्हा मात्र हमीदचा तोल गेला. बाहेर सगळा कॅम्प जमला होता. त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितले की कसला खलाशी आणि कसले काय. बाक मी रंगवले, चंद्राचा हिशेब माझा चुकला, रंग ओला होता म्हणून तुम्हाला बादल्यांवर बसवले. मुनीराचे लग्न आपण आपल्याच तोंडाने मोडले, हे त्यांना सांगून झाल्यावर उमगले.

मग मागून वली पुढे आला. पोरगा अस्वस्थ दिसत होता. त्याला लग्न हवे होते.

“चाचा,” तो म्हणाला, “इथल्या उन्हात दोरीवर टाकलेला कपडा बघता बघता वाळतो. मग तुमचा रंग ईदच्या दिवशीच ओला कसा राहिला?”

“अरे, जहाजाचा रंग होता तो.”

“जहाजाचा,” रियाज म्हणाला आणि त्याने टाइप करणे थांबवले.

जमावातून ‘जहाजाचा’ असा हुंकार मागपर्यंत गेला. पुढचे सगळे आपोआप जुळले. खलाशाचे जहाज फुटले, आणि जहाजाचा रंग शेकडो वर्षांनी दुखानला पोचला. कोणी मागवला नसताना आला. परमुलखात राहून ज्याच्या मनात मुलखाचाच चंद्र होता, नेमका त्याच्याच हाती आला. आणि ईदच्या सकाळी वाळायला तयार झाला नाही. रियाज हे सगळे इंग्रजीत सांगत असताना साहेब उठून उभे राहिले. अबूबकरने रडत रडत हमीदला मिठी मारली. ते रडणे अगदी खरे होते. त्याला आपला लेंगा परत मिळाला होता.

“तर मग चाचा, चुकला नाय ना तुमचा हिशेब?” वलीने विचारले.

हमीदने त्याच्याकडे पाहिले. होणारा जावई होता. चांगल्या घरचा होता.

“नाय,” हमीद म्हणाले. “चुकला नाय.”

निकाह थाटात झाला. हमीदला मूळ पुरुषाचा मान मिळाला, म्हणजे सर्वांत उंच आणि सर्वांत गोल बादली मिळाली. त्यांच्या कमरेचे काय झाले याची नोंद कोठे नाही.

१९६६ साली ते नोकरी सोडून कायमचे गावी परतले. आता ईदला पडवीत आरामखुर्चीत बसायचे, हे त्यांनी बोटीवरच ठरवून टाकले होते. ईदच्या सकाळी नमाजाहून परत येऊन पाहतात तो पडवीतली खुर्ची गायब. पडवीच्या मधोमध एक लाल बादली उलटी घातलेली. गल्फहून येणारा प्रत्येक जण ट्रान्झिस्टर, ब्लँकेट आणि लाल बादली घेऊन येऊ लागला होता. ज्या घरात बादली नाही त्या घरातला माणूस परदेशी काही विशेष करीत नसावा, असा गावाचा समज झाला होता.

हमीदने ताहेरुन्निसाला जवळ बोलावले आणि हळू आवाजात सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

“मुनीराचे अब्बा,” ती म्हणाली, “इतकी वर्सं तिथं काढलीत, एवढा मान मिळाला, आणि असं बोलता? शेजारीण ऐकेल. बसा गप.”

हमीद बसले. दुपारी सगळी निजल्यावर मात्र ते उरलेला शीरखुर्मा घेऊन माजघरात गेले, तिथे ठेवलेली खुर्ची ओढली आणि पाठ टेकून आरामात दोन घोट घेतले. आणि खरे सांगायचे तर त्यांना तो गोड लागला नाही. काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत राहिले. थोड्या वेळाने ते उठले आणि वाडगा घेऊन पुन्हा पडवीत आले.

येथवर वाचून वाचकांना हसू आले असेल, तर ते योग्यच आहे. बादलीवर बसणाऱ्या माणसाला हसलेच पाहिजे. मात्र हसून झाल्यावर आपल्या घरच्या पुढच्या सणाला ताट कोणत्या दिशेला मांडतात, कोणी आधी उठायचे नसते आणि कोणत्या रंगाचे काय लागतेच लागते, ते नीट पाहून घ्यावे. कोणी का म्हणून विचारलेच तर आपल्याकडे पूर्वीपासून असेच आहे, असे आपण कोणत्या आवाजात सांगतो तेही ऐकावे. मग हळूच जाऊन आपल्या बाकाला एकदा बोट लावावे, रंग अजून ओला आहे की काय ते कळेल. आम्ही स्वतःही लावून पाहणार होतो. पण आमच्यात सणासुदीला बाकाला बोट लावत नाहीत.